फायबर गाडीचं दार: आधी बिजागरी, मग चौकट, रबर सगळ्यात शेवटी

परभणीच्या एका हौशी गाडीवाल्याचा प्रश्न आहे. जुन्या हॅचबॅकचं इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन घेऊन त्यांनी पाइपच्या चेसिसवर फायबरची बॉडी चढवली आणि दोन दारांची गाडी घरच्या शेडमध्ये उभी केली. दार उघडलं की मागची कड चार-पाच मिलिमीटर खाली बसते. काचा खडखडतात. जिंतूर रस्त्यानं एक चक्कर झाली की सीटवर धुळीचा थर येतो, आणि जूनच्या पहिल्या पावसात पायाशी पाणी साचलं. गॅरेजवाल्यानं जाड रबर लावून दिलं, तर आता दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि पाणी आहे तिथंच आहे. ते विचारतात, कोणतं रबर लावू आणि दार मजबूत कसं करू?

हे दोन प्रश्न उलट्या क्रमानं घ्या. रबराचं काम फक्त फट बुजवायचं आहे. दार सरळ करणं, उचलून धरणं, वाजू न देणं ही कामं त्याच्यावर टाकली की ते एकही धड करत नाही. वाळूजला फायबर बॉडीच्या कामात इतकी वर्षं काढली, त्यात रबर बदलून सुटलेली दारं क्वचितच पाहिली.

जाड रबरानं काय झालं ते आधी सांगतो. बंद दाराला पुढून दोन बिजागऱ्या धरतात आणि मागून एकटं लॅच (दार अडकवून धरणारी कळ), तेही दाराच्या मध्यावर. खिडकीच्या चौकटीचा मागचा वरचा कोपरा या तिन्ही जागांपासून लांब असतो, त्याला धरणारं कुणी नाही. जाड रबर दाराला सगळीकडून बाहेर ढकलतं. लॅचजवळ दार हलत नाही, पण तो कोपरा बाहेर वाकतो. म्हणजे लॅचपाशी रबर चेपून चपटं आणि कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. पाणी तिथून उतरतं, आतल्या कापडामागून वाहत पायाशी येतं आणि आपण खाली उंबऱ्यापाशी शोधत बसतो.

आता तपासणी. गाडी चारही चाकांवर, सपाट जागेवर उभी करा; जॅकवर किंवा स्टँडवर नको. दार अर्धं उघडा, मागची कड दोन्ही हातांनी धरून हलकेच वर-खाली करा आणि दुसऱ्या माणसाला बिजागरीवर बोट ठेवून बसवा. पिनमध्ये टकटक लागली तर पिन आणि बुश गेलेत, ते बदलणं सोपं आणि स्वस्त. बिजागरी घट्ट आहे पण तिच्या भोवतीचं फायबर श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होतंय, तर दोष बसवणुकीत आहे. बिजागरीही हलत नाही, फायबरही नाही, तरी मागची कड खाली येते, तर दाराचं खोकंच पिळतंय. तुमच्या वर्णनावरून मला दुसरं आणि तिसरं दोन्ही दिसतंय.

आणखी एक गोष्ट बघा. दारं बंद ठेवून पुढचं एक चाक जॅकनं उचला आणि दाराभोवतीची फट आधी-नंतर मोजा. ती दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल, तर चेसिस पिळतेय. अशा वेळी दारावर पैसे घालू नका. आधी उंबऱ्याखालचे पाइप खोल करा किंवा त्यांना तिरपे आधार द्या. छप्पर नसलेल्या किंवा सुटं हार्डटॉप असलेल्या गाड्यांत हे फार होतं, कारण अख्ख्या गाडीचा ताठपणा तिथं उंबऱ्यावरच असतो.

बिजागरीकडे येऊ. फायबरमध्ये नुसता बोल्ट घालून वायसर लावला तर काही महिन्यांत भोक लांबट होतं. तीन-चार मिलिमीटर जाडीची, साधारण १०० बाय १५० ची लोखंडी प्लेट आतून द्या, कडा घासून गोल करा, नाहीतर प्लेटचा कोपराच फायबरला चिरा पाडतो. एम ८ चे, ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरा. खांबाच्या, म्हणजे बिजागरी गाडीला जिथं बसते त्या बाजूची प्लेट मात्र फायबरवर संपता कामा नये. ती चेसिसच्या पाइपला किंवा डॅशबोर्डखालच्या आडव्या नळीला वेल्डनं जोडलेली हवी. दाराचं वजन फायबरनं पेलायचं नाही, त्यानं फक्त दिसायचं.

दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका सरळ रेषेत आल्याच पाहिजेत. पिना काढा, त्याच मापाची एक लांब सरळ सळई वरून खाली दोन्ही बिजागऱ्यांतून ओवा आणि ती ओवलेली असतानाच बोल्ट आवळा. सळई हातानं सहज फिरली पाहिजे. रेषा चुकली तर दार उघडताना दर वेळी फायबर मुरडतं आणि कितीही जाड प्लेट दिली तरी शेवटी तडकतं. दोन बिजागऱ्यांमधलं अंतरही जेवढं देता येईल तेवढं द्या. अंतर दुप्पट केलं की वरच्या बिजागरीवरची ओढ निम्मी होते.

दाराच्या आतली चौकट हा खरा विषय. आपल्याकडे जालन्याची सळई स्वस्त आणि हाताशी, म्हणून बरेच जण दारात १६ मिलिमीटरची सळई आडवी टाकतात आणि ‘दार लोखंडी केलं’ म्हणतात. हिशेब करा. १६ ची सळई मीटरला १.५८ किलो भरते. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण १.४४ किलो. वजन कमी, आणि वाकण्याला विरोध सळईच्या पाचपट. माल मध्यभागी नसून कडेला आहे, त्याचा हा फायदा. त्या पाइपची चौकट करा: बिजागरीकडचा उभा, लॅचकडचा उभा, खाली एक आडवा, काचेच्या खाली कमरेला एक आडवा आणि एक तिरपा. सगळा मिळून दाराला चार मीटरच्या आसपास पाइप लागतो, म्हणजे सहा किलोच्या आत. बिजागरी आणि लॅचच्या प्लेटा धरून वर दीड किलो. एवढं वजन त्या बिजागऱ्या आरामात पेलतात.

तिरपा कुठून कुठं, यावर वाद होतात. शेताच्या फाटकाची तिरपी फळी आठवा: ती खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जाते, कारण लाकूड दाब चांगला सोसतं. दारात पोलादी पाइप असेल तर दोन्ही दिशा चालतात, तो दाबही घेतो आणि ताणही. पण पातळ पट्टी वापरणार असाल तर ती वरच्या बिजागरीपासून खालच्या लॅचकडच्या कोपऱ्याकडेच हवी. दार खाली बसताना हाच कर्ण लांब व्हायला बघतो, म्हणजे पट्टी ताणली जाते. उलट बाजूनं लावलेली पट्टी दाबाखाली फक्त फुगते.

चौकट टेबलावर बनवून दारात घालू नका. दार गाडीवर बंद करा, चारही बाजूंनी सारखी फट राहील असे पॅकिंगचे तुकडे अडकवा, वरून चिकटपट्टीनं जखडा आणि आतून, ट्रिम (दाराचं आतलं आच्छादन) काढलेल्या बाजूनं, पाइप जागेवर टॅक मारा, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके देऊन धरा. टॅक समोरासमोरच्या कोपऱ्यात आलटून पालटून, नाहीतर चौकट गरम बाजूला ओढली जाते. फायबरला ठिणगी लागू नये म्हणून ओलं गोणपाट मध्ये धरा आणि पाण्याची बादली जवळ असू द्या. फुल वेल्ड करण्याआधी काच एकदा पूर्ण खाली-वर करून बघा. काचेची वाट अडवणारा तिरपा पाइप मी इतक्या गाड्यांत पाहिलाय की आता विचारायचंच सोडून दिलं. मग चौकट बाहेर काढा, पूर्ण वेल्ड करा, प्रायमर मारा आणि परत बसवा.

परत बसवताना पोलाद आणि फायबर कसं जोडायचं? फायबर ज्यात भिजवतात ते पॉलिस्टर रेझिन लोखंडाला नीट धरत नाही. वरून मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) दोन थर टाकले की घट्ट वाटतं आणि वर्षभरात पापुद्रा सुटतो. आतल्या कातडीला चौकट मॅटनं पूर्ण गुंडाळून घ्या, म्हणजे ती सुटली तरी निसटणार नाही. बाहेरच्या कातडीला मात्र मॅट लावूच नका. तिथं तीन ते पाच मिलिमीटर फट ठेवून पॉलियुरेथेनचे मऊ ठिपके द्या. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा सत्तरीला टेकतो. मॅटचं फायबर पोलादाच्या दुपटीहून थोडं जास्तच पसरतं. मीटरभर लांबीच्या दारात हा फरक मिलिमीटरच्या आसपास जातो. दोघांना कडक जोडलं तर बाहेरून पाइपची अख्खी छाप उठते, आणि ती कितीही घासली तरी पुढच्या उन्हाळ्यात परत दिसते.

रेझिनबद्दल दोन गोष्टी. जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) किंवा रंग ४० ते ६० नंबरच्या कागदानं खरवडून, ॲसिटोननं पुसूनच वर मॅट टाका. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्यात एक टक्क्याजवळ राहा आणि सकाळी आठच्या आत काम उरका, दुपारी डबा हातातच गोठतो. हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते कोबाल्टचं जांभळं द्रावण कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. आणि इपॉक्सी वापरणार असाल तर साधी तुकड्यांची मॅट घेऊ नका. तिला बांधून ठेवणारा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीनं विरघळत नाही, मॅट ताठ राहते. विणलेलं कापड घ्या.

लॅच चालू गाडीचंच घ्या, दोन टप्प्यांचं. दार अर्धवट लागलं तरी पहिला टप्पा धरून ठेवतो. घरी बनवलेली कडी किंवा कपाटाचं कुलूप कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. स्ट्रायकर, म्हणजे लॅच ज्याला पकडतं तो आकडा, ज्या खांबावर येतो, त्याच्या आत चेसिसला जोडलेला पाइप हवा. आणि एक गैरसमज नको: हा पाइप घातला म्हणजे बाजूनं बसणाऱ्या धडकेपासून तुमची गाडी कंपनीच्या गाडीइतकी सुरक्षित झाली, असं नाही. कंपन्यांच्या दारात फार ताकदीचं पोलाद असतं, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना बाजूच्या धडकेची चाचणी पास व्हावी लागते. तुमच्या चौकटीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तिची दोन्ही टोकं, बिजागरी आणि लॅच, पोलादाला धरलेली असतात. टोकं फायबरमध्ये असली तर धडकेत पाइप अख्खा आत येतो.

दार हातानं उचलून हललं नाही, एका बोटानं लागलं आणि फट चारही बाजूंनी सारखी आली, की मग काच. दाराच्या काचेची जाडी मोजा, तिच्याच मापाचं आतून मखमल लावलेलं चॅनल घ्या. चार मिलिमीटरच्या काचेला पाचचं चॅनल दिलं की ती खडखडणारच. टफन केलेली काच कापता, घासता, भोक पाडता येत नाही, तिचा चुरा होतो. माप आधी पक्कं करा, काच नंतर बनवून घ्या. पुढची काच लॅमिनेटेडच हवी. चॅनलमध्ये ग्रीस नको, त्यावर आपली काळ्या मातीची बारीक धूळ बसते आणि काचेवर उभ्या रेघा पडतात. कोरडं ठेवा, फार तर सिलिकॉनचा फवारा.

काच दारात उतरते तिथल्या बाहेरच्या बीडिंगमधून (काचेला टेकणाऱ्या पट्टीतून) थोडं पाणी आत जाणारच. प्रत्येक गाडीत जातं. ते दाराच्या पोटातून खाली येऊन तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशी रचना असते. घरी बांधलेल्या गाडीत ही भोकं एकतर नसतात, नाहीतर कुणीतरी ‘पाणी यायलंय’ म्हणून सिलिकॉननं बुजवलेली असतात. तळाला, सगळ्यात खोल जागी, आठ-दहा मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडा. आतल्या ट्रिमच्या मागे जाड प्लास्टिकचा कागद चिकटवा आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात सोडा. तुमच्या पायाशी येणारं निम्मं पाणी इथंच थांबेल असा माझा अंदाज आहे.

आता रबर. विकत घ्यायच्या आधी कणकेचे सुपारीएवढे गोळे करा, दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिक लावा आणि चौकटीच्या कडेवर वीतभर अंतरानं चिकटवा. दार हळूच पूर्ण लावा, उघडा, प्रत्येक चपट्या गोळ्याची जाडी मोजून तिथंच पेन्सिलनं लिहा. फुग्याचं, म्हणजे पोकळ गोल, रबर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास चेपलं पाहिजे: बारा मिलिमीटरच्या फुग्याला सात-आठ मिलिमीटरची जागा. कुठं पाच आणि कुठं अकरा आलं, तर रबर बदलून उपयोग नाही. कड घासा किंवा भरा, दोन मिलिमीटरच्या आत आणा. अर्धा दिवस जातो, पण पुढचं सगळं यावर आहे.

माल ईपीडीएम या कृत्रिम रबराचाच मागा. पीव्हीसी फोमची पट्टी स्वस्त असते, पण आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत कडक होते. दुकानात तुकडा दुमडून बघा, बाहेरच्या वळणावर केसासारख्या चिरा दिसल्या तर तो माल उन्हात पडलेला आहे. फुगा दोन बोटांत दाबून सोडा, लगेच वर आला पाहिजे. बस बॉडीचं सामान विकणाऱ्यांकडे मीटरवर मिळतं, जुना वीतभर तुकडा नमुन्याला न्या. आत लोखंडी पट्टी असलेलं, कडेवर दाबून बसणारं रबर सगळ्यात सोपं. पण ते ठरावीक जाडीच्या कडेसाठी असतं आणि हातानं घातलेल्या फायबरची कड कुठं तीन तर कुठं आठ मिलिमीटर भरते. ग्राइंडरनं सारखी करा, तोंडाला चांगला मास्क लावून. ती धूळ फुप्फुसात जाते.

बसवताना रबर ओढू नका. ओढलेलं रबर महिन्याभरात मागे सरतं आणि सांध्याला फट पडते. उलट, दहा मिलिमीटर जास्त ठेवून कापा आणि दाबून बसवा. सांधा खाली, उंबऱ्याकडे. फुग्याला बारीक भोकं असतात, ती बुजवू नका, आतली हवा तिथूनच निघते. आणि कृपा करून रबर डिझेलनं पुसू नका. गॅरेजमध्ये सगळं डिझेलनं पुसायची सवय असते, पण ईपीडीएमला तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी बास. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही लोखंडाजवळ नको, गंज धरतो.

मागची न उघडणारी काच रबरात बसवायची असेल तर रबर आधी काचेला घाला, आतल्या खाचेत सुतळी फिरवा, साबण लावून काच जागेवर टेकवा आणि आतून सुतळी ओढत जा; रबराचा ओठ आपोआप वर चढतो. पॉलियुरेथेननं चिकटवणार असाल तर मे महिन्यात दोन दिवस जास्त द्या. ते हवेतल्या ओलाव्यानं सुकतं, आणि तेव्हा आपल्याकडे हवेत ओलावा असतो कुठं? शेजारी ओलं पोतं टांगून ठेवलं तर फायदा होतो.

चाचणी खालून वर करा. आधी उंबरा, मग मधला भाग, शेवटी छप्पर. पाइपचं पाणी नुसतं वाहू द्या, फवारा नको. आत टॉर्च घेऊन एक जण. वरूनच सुरुवात केली तर सगळीकडे ओलं दिसतं आणि कळत काहीच नाही. आपल्या भागात आणखी एक फुकटची चाचणी आहे: कच्च्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर जाऊन या, दार उघडा, रबरावर धुळीची जिथं रेघ तुटून आत ओघळलीय तिथंच फट. पाण्यापेक्षा धूळ खरं बोलते.

दार तरीही आपटावं लागत असेल तर काच चार बोटं खाली करून लावून बघा. अलगद लागलं, तर दोष रबराचा नाही, आतली हवा कोंडतेय. मागच्या बाजूला, बंपरच्या आत, झडपेचं छोटं हवाद्वार द्या. धुळीच्या रस्त्यावर पंखा बाहेरच्या हवेवर ठेवा, आत येणाऱ्या वाटेवर फोमची गाळणी लावून. आतलीच हवा फिरवत राहिलात तर गाडी फटींतून धूळ ओढते.

कागदपत्रांचं एवढंच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, या दोन्हींमुळे मूळ गाडीचं रूप बदलून रस्त्यावर आणणं सोपं राहिलेलं नाही. दारावर खर्च करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा.

ते जाड रबर काढून टाकाल, तेव्हा फेकू नका. डिकीच्या झाकणाला फट मोठी असते आणि झाकण दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, तिथं ते बरोबर बसेल. ती जागा आधी करा, दारांच्याही आधी. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी पडतो आणि डिकीची फट सायलेन्सरचा धूर आत ओढते. धूळ दिसते, हा वायू दिसत नाही.